बाबांचा घसा बसला तो दिवस

उत्तर कळवण्याची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती, आणि मला काहीच वाटत नव्हते. महिनाभर प्रवेशाची दोन पत्रे माझ्या खिशात होती. एक मोठ्या संशोधन विद्यापीठाचे. दुसरे एका लहानशा कॉलेजचे, जिथे साहित्य, गणित आणि तत्त्वज्ञान एकाच विद्यार्थ्याने शिकावे अशी अपेक्षा असते.

बाबा चष्म्याचे दुकान चालवतात. दृष्टीवर संशोधन करणारी प्रयोगशाळा त्या विद्यापीठात आहे, म्हणून त्यांचा कल तिकडे. मलाही ते सोयीचे होते, पण कारण निराळे. तिथल्या सहाशे खुर्च्यांच्या सभागृहात मी तासभर बसून आलो, तरी मला कुणी काही विचारले नाही. कॉलेजात मात्र एका टेबलाभोवती आम्ही बारा जण होतो. शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, ‘‘तुला काय वाटतं?’’ आणि त्या थांबल्या. माझ्या वतीने कुणी बोलले नाही. शेवटी मी काय बोललो ते आठवत नाही. त्यांचे थांबणे आठवते.

‘‘बारा जणांत तू?’’ ताई काउंटरवर फ्रेमा पुसत म्हणाली. ‘‘चार वर्षं मूग गिळून बसशील. सहाशेंत निदान कुणाला पत्ता तरी लागणार नाही.’’

‘‘डोकं दुखतंय,’’ मी म्हणालो.

‘‘तीन वर्षं दुखतंच आहे. बस खुर्चीत, बाबा मोकळे आहेत.’’

बाबा मोकळे होते, पण त्यांचा घसा पार बसला होता. त्यांनी तपासणीची जड, गोल चौकट माझ्या नाकावर ठेवली, समोरची अक्षरांची पाटी उजळली, एक काच बसवली आणि एक बोट वर केले. मग काच बदलली, दोन बोटे. पहिली की दुसरी?

त्यांनी पुन्हा दाखवले. एक. दोन.

‘‘कळत नाही, बाबा.’’

त्यांनी चिठ्ठीवर लिहिले : ‘आजवर कसं सांगायचास?’

‘‘तुमच्या आवाजावरून. जी काच तुम्हाला योग्य वाटायची, तिच्या वेळी तुमचा आवाज किंचित वर जायचा.’’

त्यांची पेन्सिल तशीच चिठ्ठीवर टेकून राहिली. ते रागावतील असे वाटले, आणि त्याचेही मला फारसे काही वाटले नाही. मग त्यांनी सगळ्या काचा पेटीत परत ठेवल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक काचेनंतर ते थांबत. फार वेळ थांबत. दोन काचा सारख्या दिसल्या तर मी ‘सारख्या’ म्हणू लागलो. पाऊण तासाने नंबर निघाला : होता त्याहून सव्वाने कमी. तीन वर्षे मी त्यांच्या आवाजाचा चष्मा लावून हिंडत होतो.

साडेचार झाले होते. बाबांनी माझ्या खिशातली पत्रे काढून काचांच्या पेटीवर शेजारी शेजारी ठेवली. विद्यापीठाच्या पत्रावर एक बोट, कॉलेजच्या पत्रावर दोन. आणि मला त्यांचा चेहरा वाचता येऊ नये म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

खोलीत फक्त पाटीमागच्या दिव्याची घरघर होती. ‘‘पहिलं’’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. तो मला त्यांच्या पाठीकडे पाहूनही सांगता आला असता. ते थांबले होते. त्या बाई थांबल्या होत्या तसेच.

‘‘दुसरं,’’ मी म्हणालो.

ते लगेच वळले नाहीत. मी उत्तर बदलतो का, याची त्यांनी वाट पाहिली. मग वळून एकदा मान हलवली आणि घड्याळाकडे बोट दाखवले.

जुना चष्मा आता चालणार नव्हता, नवा व्हायचा होता. म्हणून ती जड चौकट नाकावर ठेवूनच मी काउंटरवरच्या संगणकावर उत्तर भरले.

‘‘ध्यान दिसतोयस,’’ ताई म्हणाली. मग पडद्यावर वाकून तिने वाचले आणि तिचा हात फ्रेमेवरच थांबला. ‘‘बारा जणांत? नक्की?’’

‘‘माहीत नाही,’’ मी म्हणालो, आणि बटण दाबले. आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. आत बाबा एकेक काच पुसून पेटीत तिच्या तिच्या खाचेत ठेवत होते.