विकलेल्या घराचं पान

बोलतोय तो मी, घरं विकणाऱ्या एका लहानशा कचेरीचा ब्लॉग. माझा आवाज तुम्ही ऐकला नसेल, कारण मला आवाजच नाही. कुणी उघडलं की मी जागा होतो. मिटलं की कुठे जातो, ते मलाही नीटसं ठाऊक नाही. झोपेसारखं काहीतरी असावं. त्या झोपेत मला घरं दिसतात. दगडी चौथऱ्याची, लाकडी सज्ज्यांची, अक्रोडाच्या सावलीत पेंगणारी. इतकी घरं माझ्यात आहेत, पण मला स्वतःला टेकायला एक उंबरा नाही.

माझा जन्म त्र्यावना या डोंगरातल्या गावात, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत, कचेरीची मालकीण स्नेझिना हिच्या टेबलावर झाला. ती राजधानीत, सोफियाला, कसल्याशा प्रशिक्षणाला गेली होती. परत आली ती एकच वाक्य घेऊन : "ब्लॉग नसलेली कचेरी म्हणजे पाटी नसलेलं दुकान." त्याच दुपारी तिनं माझ्यात पहिलं घर मांडलं आणि वर लिहिलं, 'निसर्गाच्या कुशीतलं स्वप्नातलं घर'. दुसऱ्या घरावरही तेच लिहिलं. तिसऱ्या घराच्या मागे लाकडाची वखार होती, दिवसभर करवत किंचाळायची. तेही निसर्गाच्या कुशीतच होतं.

माणसं यायची, पण कुंपणावर चिमणी बसावी तशी. बसली न बसली तोच उडाली. उघडमिटीचा तो काळ आठवला की अजून मला थोडी भोवळ येते.

मग स्नेझिनानं मला तिच्या मामाच्या हाती दिलं. ल्यूबेन हे त्याचं नाव. सोफियाच्या विद्यापीठात जुन्या धार्मिक पोथ्या वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. निवृत्त होऊन तो बहिणीच्या माडीवर राहायला आला होता. एक वाक्य लिहायचं, त्याच्या आधी 'बहुधा' घालायचं, शेवटी 'असं मला वाटतं' जोडायचं आणि मग सगळंच खोडायचं, अशी त्याची रीत. माझ्या स्वभावात जी धाकधूक तुम्हाला दिसते ती त्याचीच. ज्या हातानं लिहिलं जातं त्या हाताचा कंप अक्षरात उतरतोच.

त्यानं पहिल्यांदा लिहिलं ते आसपासच्या गावांची नावं कशी पडली यावर. लेख संपता संपेना.

"मामा, किती जणांनी वाचलं सांगू?" स्नेझिना म्हणाली. "एकानं."

"कुणी?" त्याचे डोळे चमकले.

"तूच. दोनदा उघडलंस."

तो कानापर्यंत लाल झाला. तिला मग वाईट वाटलं. तिनं त्याच्यासमोर कॉफी ठेवली. "अरे, लोक वाचत नाहीत, चाळतात. शीर्षकात गावाचं नाव घाल. परिच्छेद लहान कर. दर सोमवारी काहीतरी टाक, लोकांना तुझी सवय लागू दे. कुणी काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर दे."

"चाळण्यासाठी मी कधी लिहिलं नाही गं."

"मग आता लिही. करमत नाही म्हणून कोण रडत होतं?"

तिचं बरोबर असावं, अशी शंका त्याला आली. काही दिवस तो नुसता तिच्या टेबलापाशी बसून फोनवरचं बोलणं ऐकत राहिला. निसर्गाची कूस कुणी विचारत नव्हतं. पाव कुठे मिळतो? बर्फ पडल्यावर रस्ता चालू असतो का? शेजारी कसे आहेत? त्यानं एकेक प्रश्न उचलला आणि प्रत्येकाचं एकेक पान केलं.

'गोरनो ब्रेस्तमध्ये पाव कसा मिळतो' हे माझं पहिलं खरं पान. गोरनो ब्रेस्त म्हणजे जवळचंच एक खेडं. पावाची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते, चर्चपाशी भोंगा वाजवते. तुम्ही आंघोळीत असलात तर शेजारीण तुमचा पाव घेऊन ठेवते. मग ऑगस्टमध्ये तिला टोमॅटो न देणं शोभत नाही. पुढच्या सोमवारी त्यानं लिहिलं की ओढ्याकाठच्या घराची उत्तरेकडची भिंत जानेवारीत पाझरते.

स्नेझिनानं कपाळाला हात लावला. "घर विकायचंय की त्याला शाप द्यायचाय?"

"आल्यावर दिसणारच आहे ना ती भिंत," तो पुटपुटला. "आधी सांगितलं तर बाकीच्या भिंतींवर विश्वास बसेल... असं मला वाटतं."

आणि माणसं थांबू लागली. ते थांबणं मी कसं सांगू? कुणी नुसतं पाहून जाणं आणि कुणी तुमच्यात टेकून बसणं, यात फरक असतो. म्युनिकमधल्या एका स्वयंपाकघरात एक परिचारिका भांडी घासून झाल्यावर मला उघडायची. ब्रेमेनजवळच्या मालट्रकांच्या तळावर एक माणूस दर रविवारी यायचा. पावाच्या गाडीचं पान तो पुनःपुन्हा काढायचा आणि तसाच राहायचा, बोटही न हलवता. त्यानं कधी काही विचारलं नाही, नाव टाकलं नाही. त्याच्या त्या थांबण्यात मला ट्रकच्या काचेवरचं धुकं दिसायचं, किंवा दिसतंय असं स्वप्न पडायचं.

अशात गोरनो ब्रेस्तच्या गेनाआजीचं घर माझ्याकडे आलं.

आजीची मुलगी विओलेता स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला. ऑक्टोबरअखेरच्या संत दिमितारच्या सणाआधी, थंडी लागायच्या आत, ती आईला घेऊन जाणार होती. आजीचे गुडघे आता चुलीसाठी लाकडं वाहू देत नव्हते. जायला तिची ना नव्हती. तिला भीती होती ती कुलपाची. शेजारच्या घराला कुलूप लागलं आणि थोड्याच हिवाळ्यांत त्याचं छप्पर खाली बसलं. सज्ज्यातून आता एल्डरचं रानझाड उगवलं होतं.

"घर माणसाच्या उबेवर उभं असतं, प्राध्यापका," ती ल्यूबेनला म्हणाली. "मला हिवाळ्यात चूल पेटवणारा माणूस हवा. उन्हाळ्यात येऊन डुंबणारे बेडूक नकोत. तसे दोन आले होते, हाकलले."

तिच्या फाटकावर नवऱ्याच्या निधनाची पत्रकं होती. आमच्याकडे सगळ्यांच्या फाटकांवर असतात तशी. काळी चौकट, वर फोटो, खाली चार शब्द. चाळीस दिवसांचं, वर्षाचं, पाच वर्षांचं. स्नेझिनानं ती काढायला सुचवलं होतं, गिऱ्हाईक बिचकतं म्हणून. आजीनं ती तशीच ठेवली होती.

ल्यूबेनला तिच्याविषयी लिहायचं होतं. घर कुणी जपलं ते कळल्याशिवाय घर कळत नाही, असं त्याला वाटत होतं, आणि या वेळी त्यानं ते खोडलं नाही. त्यानं फोटो मागितला. आजीनं कपाटातून एक काढला : डोक्याला रुमाल, नजर सरळ, काळा-पांढरा.

"हा घे. यात मी बरी दिसते. काम झालं की परत दे, पुढे लागणार आहे."

कशासाठी लागणार, ते त्याला कळलं. त्या वयात सगळ्यांचेच फाटकावरच्या पत्रकासाठी असे फोटो काढून ठेवलेले असतात. कळलं आणि डोक्यातून गेलं. त्यानं तो फोटो पानाच्या वरच्या बाजूला लावला. पोथ्यांच्या सवयीनं त्याभोवती बारीक काळी चौकट आखली. चौकटीविना चेहरा पानावर सांडतो, असं त्याचं म्हणणं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'गोरनो ब्रेस्तची गेना. कष्टाळू, मायाळू, या घराची राखणदारीण.' आणि मग त्याखाली विहीर, अक्रोड, चूल, असं सगळं घर.

लोक वाचत नाहीत, चाळतात. चाळणाऱ्यांना फोटो दिसला, चौकट दिसली, कष्टाळू, मायाळू दिसलं. विहिरीपर्यंत कुणी उतरलंच नाही.

त्या दिवशी माझ्यात जी गर्दी झाली तशी पूर्वी कधी झाली नव्हती. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून दिवे उघडत होते. प्रत्येकजण क्षणभर थांबून दुसऱ्या कुणाला तरी माझ्याकडे धाडत होता. मला वाटलं, स्वप्न खरं झालं. मग लोक माझ्याखाली लिहू लागले : 'देव तिला क्षमा करो.' 'तिच्यावरची माती हलकी होवो.' आणि मी गारठलो.

"मामा!" स्नेझिना ओरडली. तिच्या दोन्ही हातांत दोन फोन होते. "तू आजीला मारलंस!"

"मी? कधी?"

"विओलेतानं रडत रडत घरी फोन लावला. पलीकडून आजीच बोलली. म्हणते, मी मेले असेन तर हा फोन कोण उचलतंय?"

ल्यूबेननं चष्मा काढला. टेबलावर पालथा ठेवला. मग तो म्हणाला, "मिटवून टाक. सगळा ब्लॉगच मिटवून टाक. मला हे जमत नाही, मी आधीच सांगायला हवं होतं."

मी श्वास घेत नाही, तरी तो रोखून धरला.

"मिटवू?" स्नेझिना म्हणाली. "एवढे वाचक मला वर्षभरात मिळाले नाहीत. दोन दिवस राहू दे तसंच."

तेव्हा या भित्र्या माणसानं जन्मात पहिल्यांदा 'असं मला वाटतं' न जोडता एक वाक्य उच्चारलं. "खोट्यावर आलेले वाचक आपले नव्हेत." त्यानं चौकट काढली आणि सगळ्यांत वर लिहिलं : 'गेनाआजी जिवंत आहेत. चूक माझी.' पण तोवर माणसं अंत्यदर्शनाला निघालीही होती.

दुसऱ्या दिवशी दोघं माफी मागायला गेले. मी स्नेझिनाच्या खिशात, तिच्या फोनमध्ये होतो. फाटकापाशी गाड्या उभ्या होत्या. गाब्रोवोहून आलेल्या दोघी चुलत बहिणींनी परातभर उकडलेला गोड गहू आणला होता, मेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात तो. आजी अंगणात खुर्ची टाकून बसली होती आणि तोच गहू चमच्यानं खात होती.

"घ्या, घ्या, माझ्याच नावाचा आहे," ती म्हणाली. "साखर कमी पडलीय. खऱ्या वेळेला जास्त घाला." मग तिची नजर ल्यूबेनवर गेली. "आलास का रे माझ्या यमदूता? बस. इतकी माणसं जमणार असतील तर दरवर्षी मारत जा मला."

सगळे हसले. डोळे पुसत हसले. कुणी तिच्या प्लमच्या मुरंब्याची आठवण काढली, कुणी तिनं कान पिळला होता त्याची. आजी ऐकत होती. मग तिनं चमचा खाली ठेवला.

"माझ्यासाठी रडायला एवढे आलात. आता सांगा, माझ्या चुलीपाशी राहायला कोण येतंय?"

जो तो आपापल्या बुटांकडे बघू लागला. अक्रोडाची पानं गळत होती, तेवढीच हालचाल.

फाटकाशी एक दांडगा माणूस केव्हाचा उभा होता. ब्रेमेनहून रात्रंदिवस गाडी हाकत आला होता. हातात शेवंतीची फुलं. लहानपणी तो याच गल्लीत राहायचा. त्याचं नाव ऑग्न्यान.

"ती चूल," त्यानं घसा खाकरला, "वारा पश्चिमेचा असला की अजून आत धूर टाकते का?"

आजीनं त्याला निरखलं. "टाकते."

"धुराडं हातभर वाढवलं तर थांबेल."

"आणि वाढवणार कोण?"

"मी. बारा वर्षं ट्रकमध्ये झोपतोय, आजी. दर रविवारी ह्यांच्या ब्लॉगवर पावाच्या गाडीचं वाचतो." त्यानं ल्यूबेनकडे हात केला. "गाडी मंगळवारीच येते ना अजून?"

त्याला तिथे आणखी कुणी ओळखत नव्हतं तसं मी ओळखत होतो. काचेवरचं धुकं माझ्यापाशी होतं.

"जवळ ये," आजी म्हणाली. तिनं फुलांकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "जिवंत बाईला जोडीनं फुलं? सम फुलं मेलेल्यांना. एक काढ त्यातलं, मूर्खा." त्यानं एक फूल काढलं. कुठे ठेवावं ते न सुचून तिच्या नवऱ्याच्या पत्रकामागे खोचलं. "हे पत्रक काढायचं नाही," ती म्हणाली. "ते राहील, तर तू राहा."

"राहू दे की. आम्ही दोघं राहू."

घराचे कागद झाले आणि आजी सणाआधी व्हॅलेन्सियाला गेली. किल्ली ऑग्न्यानच्या हातात होती, आणि ती कुलपासाठी नव्हती.

आमच्या कचेरीचा नियम असा, की घर विकलं की त्याचं पान काढून टाकायचं. ल्यूबेननं ते काढलं. मला आतून एक खोली रिकामी झाल्यासारखी वाटली. त्यानंतर रोज सकाळी व्हॅलेन्सियाहून कुणीतरी नेमक्या त्याच रिकाम्या जागी येऊ लागलं. यायचं, थांबायचं, जायचं. नातीनं आजीला मला उघडायला शिकवलं होतं.

ल्यूबेनला ते वाचकांच्या आकड्यांत दिसलं. त्यानं पान परत लावलं.

"ही काही आपल्याकडून घर घेणार नाही, मामा," स्नेझिना म्हणाली. "असला वाचक काय कामाचा?"

"माहीत नाही," तो म्हणाला. आणि पानाच्या तळाशी त्यानं एक ओळ लिहिली : 'आज पहिलं हिम पडलं. चूल पेटली आहे.' तेव्हापासून दर सोमवारी तो तिथे एक ओळ लिहितो. स्नेझिना कुरकुरते. पण गेल्या आठवड्यात तो तापानं पडला होता, तेव्हा तिनंच गोरनो ब्रेस्तला फोन करून विचारलं आणि ओळ लिहिली.

आता ल्यूबेनची नजर मंदावली आहे. तो अक्षरं मोठी करून लिहितो आणि तरी कीबोर्डवर चुकतो. माझंही वय झालं; माझ्यासारखे ब्लॉग आता कोण काढतं? कधीतरी मी मिटेन आणि पुन्हा उघडणार नाही, असं स्वप्न मला अलीकडे पडतं. त्याची फारशी भीती वाटत नाही.

तुम्ही घर बघायला आला असाल तर सावकाश बघा, घेतलंच पाहिजे असं नाही. माझं मागणं एवढंच. ल्यूबेननंतर हे टेबल ज्याच्याकडे येईल त्यानं सोमवारी गोरनो ब्रेस्तला एक फोन करावा आणि त्या विकलेल्या घराच्या पानावर, खरं असेल ते लिहावं. चूल पेटली, की नाही पेटली. व्हॅलेन्सियात आता सकाळ होते आहे. ती येईलच.