दिला तरच धर

सप्टेंबरभर शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात आम्ही चेंडू हवेत फेकला आणि चारही सामने हरलो. नेब्रास्काच्या वाऱ्यात फेकलेला चेंडू कुणाचंच ऐकत नाही. मग कोच ॲम्सलर यांनी म्हाताऱ्या मर्ल व्होडेनलना शेतावरून बोलावून आणलं. मर्लचे गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. याच शाळेत त्यांनी तीस वर्षं ऑप्शन नावाचा, चेंडू घेऊन पळण्याचा खेळ शिकवला होता.

"तीनच डाव घाला, मर्ल," कोच म्हणाले. "जास्त नको."

"तीन पुरे आहेत," मर्ल म्हणाले. "खरे खेळलात तर."

ऑप्शन म्हणजे एवढंच: समोरच्या फळीतला कडेचा एक गडी मुद्दाम मोकळा सोडायचा. त्याला कुणी अडवायचं नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा, चेंडू फुलबॅकच्या, म्हणजे मधून मुसंडी मारणाऱ्याच्या पोटाशी लावतो, त्याच्यासोबत दोन पावलं टाकतो आणि त्या मोकळ्या गड्याकडे बघतो. मर्लनी त्याचं गाणंच केलं होतं:

आत वळला, काढून घे,
बाहेर थांबला, सोडून दे.

काढून घेतला, तर क्वार्टरबॅकनं बाहेरून पळायचं. सोडून दिला, तर फुलबॅकनं मधून घुसायचं. फुलबॅक मी, लोवेल कोवांडा. माझ्यासाठी वेगळं कडवं होतं:

हात मऊ, नजर वर,
चेंडू दिला तरच धर.

कारण दोघांनी ओढला की चेंडू खाली. ठरवायचं क्वार्टरबॅकनं, फुलबॅकनं कधीच नाही.

आणि आमचा क्वार्टरबॅक होता किप, कोचचा मुलगा.

ऑप्शनच्या पहिल्याच सामन्यात चेंडू माझ्या पोटाशी एकोणीस वेळा आला. राहिला दोनदा. सतरा वेळा मी रिकाम्या हातांनी त्या मांसाच्या भिंतीवर जाऊन आदळलो. त्यांना काय ठाऊक माझ्याकडे चेंडू नाही? ते असल्यासारखंच मारत. बरगड्यांवर बीटच्या रंगाचे डाग उमटले. आई रोज संध्याकाळी गोठवलेल्या मटारची पिशवी त्यांवर ठेवायची.

मार खायला माझी ना नव्हती. राग वेगळ्याचा होता. मी आत घुसताना मला कडेचा गडी दिसायचा. तो बाहेर उभा असायचा.

"किप, बाहेर होता तो! मेलबॉक्ससारखा उभा होता!"

"मला आत वाटला."

"आंधळा आहेस का रे?"

"तू आधी जोरात ये. गाय पाण्याला निघाल्यासारखा येतोस."

पोरं हसली. मीही हसलो असतो, पण हसलं की बरगडी दुखायची.

सोमवारी शाळेच्या तळघरात भिंतीवर सामन्याची फिल्म लावत. प्रोजेक्टर कोचच चालवायचे. कडेचा गडी दिसू लागण्याआधीच ते बटण दाबून चित्र थांबवत.

"लोवेल, तुझे हात कडक पडतात. म्हणून किपला काढून घ्यावा लागतो."

"कोच, जरा पुढं..."

"उलट बोलायचं नाही."

मागच्या बाकावर मर्ल टोपी फिरवत गप्प बसायचे. मला त्यांचाही राग यायचा. तीस वर्षं शिकवलंत, आता का दातखीळ बसली? महिनाभर मी तो राग पोटात घेऊन धावलो. चेंडूपेक्षा तोच जास्त वेळ माझ्यापाशी राहिला.

ऑक्टोबरचा शेवटचा सामना. त्याआधीचे आम्ही कसेबसे जिंकले होते. जिंकलो तर पुढची फेरी, हरलो तर खांद्यांची पॅडं कपाटात. आमच्या मैदानाला दिवे नाहीत, सामने दुपारीच होतात. धान्याच्या कोठारांची सावली अर्ध्या मैदानावर आली होती. आम्ही चार गुणांनी मागे, गोलरेषा सहा यार्डांवर (ओलांडली की सहा गुण), आणि वेळ एकाच डावापुरती उरलेली.

कोचनी ऑप्शनची खूण केली. घोळक्यात किपनं डाव सांगितला, पण त्याचे डोळे वर प्रेक्षकांत होते. तिथे करड्या टोपीतला एक माणूस वही घेऊन बसला होता. कॉलेजकडून किपला बघायला आलेला.

मी निघालो. चेंडू पोटाशी आला. कडेचा गडी बाहेर. हात पसरून, गवतात पाय रोवून, बाहेर. आणि मला किपची बोटं आवळताना जाणवली. घेणार. हा पुन्हा घेणार.

मी दोन्ही हात मिटले.

त्यानं ओढला. मीही ओढला. एक क्षण चेंडू कुणाचाच नव्हता. मग तो माझ्या बरगड्यांत रुतला, दुखऱ्या जागीच. मी मधून घुसलो, तिघांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे तोंडावर पडलो.

दातांत माती घेऊन उठलो तेव्हा कोच धावत येत होते. माझ्या शेजारून गेले आणि किपला कवटाळलं.

"ओळखलंस त्याला, बेटा! बरोबर सोडलास!"

भोंग्यावरूनही किपचंच नाव. बापाच्या खांद्यावरून किपनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. जिंकलेल्या माणसाला इतका संताप येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी शिरस्त्राण बाकावर असं आपटलं की त्याची जाळी वाकली.

सोमवारी आम्ही तळघरात आलो तेव्हा प्रोजेक्टरपाशी मर्ल बसलेले होते. कोच म्हणाले, "मी लावतो." मर्ल म्हणाले, "बस रे. माझे गुडघे गेलेत, बोटं नाहीत."

त्यांनी शेवटचा डाव लावला आणि नेमका थांबवला. भिंतीवर चेंडू, चेंडूवर चार हात. किपचे ओढणारे, माझे मिटलेले. कडेचा गडी लांब, बाहेर.

"लोवेल," कोच सावकाश म्हणाले, "नियम मोडलास."

"मोडला."

"चेंडू पडला असता तर?"

"तर तुम्ही माझं नाव घेतलं असतं. पडला नाही, तर किपचं घेतलंत."

"शुक्रवारी बाकावर बसायचं!"

"बसेल," मर्ल म्हणाले. मला वाटलं हाही उलटला. पण ते किपकडे वळले होते. "नियम मोडला, बसेल. आता तू सांग, पोरा. गडी कुठं आहे?"

"बाहेर."

"तेव्हा दिसत होता?"

किपनं ओठ चावला. "महिनाभर दिसत होता."

"मग?"

"बाबा जेवताना रोज सांगायचे, चेंडू स्वतःकडेच ठेव, कॉलेजचा माणूस येणार आहे."

"किप!" कोच ओरडले.

"तुम्हीच म्हणालात ना, बाबा!"

कोच कुणाकडे न बघता वर निघून गेले. बाकावर बसायचा हुकूम मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

शुक्रवारी मी मर्लशेजारी बसलो. माझ्या जागी टॅड फिशबाख, माझ्याहून लहान, माझ्याहून हळू. पहिलाच ऑप्शन. कडेचा गडी बाहेर. किपनं चेंडू टॅडच्या पोटात सोडून दिला. नऊ यार्ड. पुन्हा बाहेर, पुन्हा दिला. सात. कोच हाताची घडी घालून उभे होते.

पाणी प्यायला किप कडेला आला. "लोवेल, मी..."

"गप पाणी पी. तो अजून बाहेरच उभा आहे."

"दिसतोय मला."

"मग दे टॅडला!"

तो पळत गेला आणि त्यानं दिला. सगळी पोरं ओरडत उठली, मीही उठलो. ते यार्ड माझे होते. महिनाभराचे, एकूण एक माझे.

मर्लनी माझ्या मुठींकडे पाहिलं. "हात मऊ," ते हळूच म्हणाले.

मी मुठी उघडल्या नाहीत.