दुसरी ढवळी

मच्छिंद्रला कामावरून मी काढलं. वरचे साहेब तर म्हणत होते, "जाऊ दे हो, गरीब आहे." पण मी हट्टाला पेटलो होतो. आज लोक मला पेशींचा जाणकार म्हणून शाल घालतात, तेव्हा मला आधी मच्छिंद्र आठवतो आणि शाल काढून टाकावीशी वाटते.

बहात्तर साल. भिंगारला आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. माणसाच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींना मेंढीच्या तांबड्या पेशी चिकटतात, भोवती फुलासारखं कडं होतं. शंभरांत अशी कडी किती, हे मोजलं की रोगाशी लढणारी फौज किती शिल्लक आहे ते कळतं. दुष्काळात पोट खपाटीला गेलेल्या माणसांत ही फौज कुणाच्या हुकमानं आवरतं घेते, हे मला शोधायचं होतं.

मोजायचं काम मच्छिंद्रकडे. सातवी शिकलेला, रोजंदारीवरचा माणूस. डावा डोळा मिटायचा, उजवा मायक्रोस्कोपला लावायचा आणि तासन्‌तास हलायचा नाही. ताळा म्हणून रोज आधी माझंच रक्त मोजायचा. साठ. रोज साठाच्या आसपास.

मेंढ्यामेंढ्यांचं रक्त सारखं चिकटत नाही, म्हणून मी एकच मेंढी धरली होती. शेवगावच्या अलीकडे माझी आत्या राहीबाई राहायची, तिची ढवळी. दर सोमवारी गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर रक्त काढायचा आणि बर्फातली बाटली एस.टी.नं यायची.

श्रावण सरला आणि एका आठवड्यात माझा आकडा चाळिसावर आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा चाळीस.

"साहेब, रगातच येगळं वाटतंय," मच्छिंद्र म्हणाला.

"मेंढी तीच, माणूस तोच. मग वेगळं काय, तुझं डोकं?"

"मी धा बारा येळा मोजलंय, साहेब. मेंढी बगून येता का एकदा?"

माझा स्वभावच तापट. "मला शिकवतोस? नाचता येईना अंगण वाकडं!" असं चारचौघांत बोललो आणि त्याच दिवशी वर चिठ्ठी लिहिली, की हा माणूस निष्काळजी आहे. मच्छिंद्रनं मायक्रोस्कोप पुसला, वर कापड घातलं आणि तो गेला.

संक्रांतीला आत्याकडे गेलो. दारात ढवळीची घंटी वाजली म्हणून पाहिलं, तर खुंट्याला काळ्या तोंडाची, तपकिरी मेंढी.

"आत्या, ही कुणाची? ढवळी कुठंय?"

"हीच की ढवळी!"

"अगं, ढवळी पांढरीशुभ्र होती!"

"ती व्हय? ती सरावनातच गेली रं. पाल्याबिगर किती दिस काढंल मुकं जनावर? खुटा रिकामा ठिवू ने, म्हनून ही आनली. घंटी तिचीच, नाव बी तिचंच. आपल्यात तसंच असतंय न्हवं?"

"मग मला कळवलं का नाहीस?"

"काय कळवायचं? तुजं रगात एक सोमवार तरी चुकलं का?" ती कौतुकानं माझ्याकडं बघत होती. "तुजं काम आडू ने म्हनून माज्या वाट्याचं पानी पाजलंय हिला."

तिच्या हातचा तिळगूळ तोंडात घोळत राहिला. मी त्याच घरात लहानाचा मोठा झालो होतो. बैल गेला की नव्या बैलाला जुनंच नाव, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण मेंढी बघून या, एवढं साधं सांगणं मी रोजंदारीवाल्याचं म्हणून उडवून लावलं.

मच्छिंद्र पाथर्डीच्या रस्त्यावर, दुष्काळी कामावर खडी फोडत होता. मला बघून उठला, हात जोडले. माझी मान वर होईना.

"मच्छिंद्र, तू बरोबर होतास. मेंढी बदलली होती. चूक माझी. तसं मी वर लिहून देतो. तू परत चल."

"मी म्हनलंच व्हतं, साहेब," तो म्हणाला. रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

बोलताना त्याचा एक डोळा मिटलेला होता. मला वाटलं, जुनी सवय. मग लक्षात आलं, मिटलेला डोळा उजवा होता.

"हे काय झालं रे?"

"खडीची कपची उडाली, दिवाळीच्या सुमाराला." त्यानं हातोडी खाली ठेवली आणि घाबरत घाबरत विचारलं, "साहेब, डाव्या डोळ्यानं मोजलं तर चालंल का वो?"

"चालेल," म्हणालो आणि तिथंच खडीच्या ढिगावर बसून रडलो. मुकादम बघत होता, बायाबापड्या बघत होत्या. मच्छिंद्रच माझ्यासाठी पाणी आणायला गेला.