तिसरा धागा

सीमाभागातल्या वडगावात अंबुबाईच्या घरात दोन माग होते आणि दोन्हींवर साड्याच निघायच्या. कोरोनाच्या टाळेबंदीत बाहेरचा माल यायचा बंद झाला, तसा सरकारी दवाखान्याच्या भांडाराचा कारकून नागेंद्र स्कूटर घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"आक्का, बँडेजला कापड न्हाय गं दवाखान्यात. तूच वाचीव. टेंडर-बिंडर मागनं बघू, साहेबांनी चिठ्ठी दिलीया."

अंबुबाईनं मागचापुढचा विचार केला नाही. अर्धी विणलेली साडी कापून उतरवली, फणी बदलली, पांढरं कापड सुरू केलं. साड्यांचा व्यापारी रुसून दुसऱ्या घरी गेला तो गेलाच.

त्या घराची सासऱ्यापासूनची एक रीत होती. काठापासून तिसरा धागा दुहेरी घ्यायचा. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. मध्यंतरी तिच्या मालात कुणीतरी हलके गठ्ठे घुसवू लागलं, तेव्हा तिनं नागेंद्रचं बोट धरून ती खूण शिकवली. पुढं दोन वर्षं तो काठावरून बोट फिरवूनच माल उतरवून घ्यायचा आणि तिच्या हातचा चहा पिऊन जायचा.

साथ ओसरली, नियम परत आले. आता खरेदी टेंडरनंच व्हायची. "नमुना तेवढा दे आक्का, बाकी मी हाय," नागेंद्र म्हणाला. हे काम गेलं तर माग बंदच पडणार होते. तिनं जीव ओतून पाच मीटर कापड विणून दिलं.

निकालाच्या दिवशी साहेब म्हणाले, "तुमचा नमुना नापास झाला, बाई. बाहेरच्या कंपनीचा पास झालाय." कंपनीचं लेबल लावलेलं कापड टेबलावरच होतं. सवयीनं तिचं बोट काठावर गेलं. तिसरा धागा दुहेरी होता.

"साहेब, हे माझं कापड हाय! लेबल तेवढं त्यांचं. ह्या नागेंद्राला विचारा, खूण त्याला ठावं हाय."

साहेबांनी काठ चाचपला. त्यांना काही लागलं नाही. त्यांनी कापड नागेंद्रकडं सरकवलं आणि अंबुबाईचा जीव भांड्यात पडला.

नागेंद्रनं बोट फिरवलं. ते नेमकं तिसऱ्या धाग्यावर थांबलं. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. मग त्यानं साहेबांना कन्नडात सांगितलं, की काही नाही, सगळं कापड असंच असतं. जसं काही तिला कन्नड कळतच नव्हतं!

अंबुबाईच्या अंगाची लाही लाही झाली. काम गेलं ते गेलंच, पण तिनंच शिकवलेल्या बोटानं तिला खोटं पाडलं होतं.

"नागेंद्रा, तोंडानं न्हाय म्हनलास. मग बोट कशापायी थांबलं रं?"

त्यानं मान वर केली नाही. कापडाची घडी घालत म्हणाला, "या आता, बाई. साहेबांना कामं हायत."

इतक्या वर्षांत तो तिला पहिल्यांदाच बाई म्हणाला होता.