विसाव्याचा दगड

कंपनी गावात टिकावी म्हणून सरपंच नवनाथनं पोरांना दमच भरला होता. "मैतीला, सावडायला सुट्टी मागायची न्हाई! सारखी कामं बुडवली तर कंपनी दुसऱ्या गावाला जाईल, मग बसा बोंबलत." पोरांनी सुट्ट्या मागणं सोडलं. कंपनी टिकली, तिच्यामागं आणखी दोन आल्या. वडगावच्या माळावर खोल्या उठल्या, बिहारचे भाडेकरू आले. नवनाथ छाती काढून हिंडायला लागला.

आन् भर दुपारी त्याची आई, सोजरबाई गेली. पोरं सगळी कामावर. सुट्टी कुणीच मागितली नाही. दारात जमले ते म्हातारे, त्यांना स्वतःचंच ओझं झेपेना. शेवटी दुसऱ्या शिफ्टला निघालेल्या चार भाडेकरूंपुढं सरपंचानं हात जोडले.

विस्तवाचं मडकं धरून तो भीमेच्या वाटेला लागला. निम्म्या वाटेवर विसाव्याचा दगड आला. इथं तिरडी घटकाभर टेकवायची आन् खांदे बदलायचे, ही गावची रीत. तो थांबला. "टेकवा," म्हणाला.

"रुकिए मत, भैया," मागून खांदा दिलेला एक भाडेकरू बोलला. "यहाँ मैयत की छुट्टी नहीं मिलती."

आन् आई त्याला ओलांडून पुढं निघून गेली.