प्रयोगात ती थांबली तेव्हा

नटानं उभं राहायच्या जागी जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती — सलाइनच्या सुईवर लावतात ती पट्टी, एक टोक सुटून वर आलेलं — आणि सुगतला वाटलं, नोकरीतून एवढं तरी तिनं घरी आणलं. माया, त्याची थोरली बहीण, अकोल्यात जन्मभर नर्स, निवृत्त झाल्यावर एकपात्री करायला निघाली होती; आणि तो अमरावतीहून दैनिकाचा नाट्यपरीक्षक म्हणून आला होता की नुसता भाऊ म्हणून, हे बस बडनेऱ्याच्या पुढे गेली तरी ठरलं नव्हतं.

वाचनालयाच्या माडीवरचं सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या, दुपारची वेळ, घरघरणारे पंखे. विषय आई. केशरबाई. एकेक माणूस विसरत गेलेली आई... मेलेल्या आईच्या नावानं रडवणाऱ्या नाटकांवर मी आजवर काय काय लिहिलंय! आणि ताई बजावून बसलेली — "खरं लिहिजो. बहीण म्हून सोडू नको."

पण भीती निराळीच होती. मागे फोनवर ताईनं त्याला 'बाबा' अशी हाक मारली होती. बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झालेली... आईचंही असंच सुरू झालं होतं, नावांपासून.

माया फुलीवर येऊन उभी राहिली आणि पदर खोचून, आईच होऊन, थेट भांडायलाच लागली. डॉक्टरशी, सुनेशी, शेजारणीशी. "माहा पोरगा पेपरात लिहिते. लोकायच्या चुका काढते. मले त त्याले भाजी वाढाचं भेव वाटते!" माणसं हसली. सुगतही हसला, नि दचकला — आपण आईला हसतोय! शेवटच्या आजारपणातल्या त्या पलंगापलीकडची, तोंडाळ, खमकी आई त्याला कितीतरी दिवसांत आठवलीच नव्हती.

आणि मग ती थांबली. वाक्याच्या अर्ध्यात. हात वर तसाच, नजर कुठेच नाही. पंखे ऐकू येऊ लागले. लोकांना वाटलं असेल, काय अभिनय आहे. पण तो खुर्चीच्या कडेवर सरकला, कारण हे आईचं विसरणं होतं की ताईचं, हे त्याला — इतकी वर्षं नटांचे विराम तोलणाऱ्याला — कळेना. उठावं? काही बोलावं?... तिनं सावकाश प्रेक्षकांकडे पाहिलं. "तुमी कोनाचे जी?" मग, जरा ओशाळून, पाहुणचाराच्या सुरात, "बसा नं. उभे काहून? च्या मांडतो."

हा प्रश्न आईनं त्याला विचारला तेव्हा तो उठून गच्चीवर निघून गेला होता. ताई मात्र तिथेच बसून म्हणाली होती, पेपरवाले आहेत, तुले भेटाले आले — आणि आईनं चटकन केस सारखे केले होते, हे तिनंच नंतर सांगितलं...

प्रयोग संपल्यावर बाजूच्या खोलीत ती तोंड पुसत होती.

"ताई, मधात थांबली होती तू. ते बसवलेलं होतं का?"

"तुले काय वाटलं?"

"समजलं नाई."

"मंग बरं हाय." ती खळखळून हसली. मग टॉवेल खाली ठेवत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "फोनवर बाबा म्हटलं तवापासून तू घाबरून राहिला, माईत हाय मले. अरे, तुहा आवाज आता बाबासारखा येते. डोये मिटून आईक एक डाव."

खरंच एवढंच असेल? की नसेल... विचारायचं होतं, पण तिनं चिवड्याची पुडी पुढे केली आणि त्यानं मूठ भरली. भूक लागली होती त्याला, सकाळपासूनची, जी आत्ता कुठे कळत होती. खाली रस्त्यावर ऑटोवाले ओरडत होते, ताई कुणा बाईला पुढच्या प्रयोगाचं सांगत होती, तारीख चुकत होती नि स्वतःच दुरुस्त करत होती. तो ऐकत राहिला — परीक्षकाच्या कानांनी नव्हे. पुढे जे व्हायचं ते होवो; आपण गच्चीवर जाणार नाही, असं त्याला वाटलं, आणि छातीतलं काहीतरी सैल झालं, पुरतं नाही, पण श्वास खोलवर जाईल इतकं.