साबणाचं पाणी

पस्तीस वर्षं मशिनींसोबत काढली मी, म्हणून कोणी शिकवलेलं मले चालत नाही. बायकोनं तर नाहीच नाही. आता सांगून काय फायदा म्हणा, पण सांगतो.

चारुशीलाचा कॅन्सर हाडात उतरला तेव्हा डॉक्टरनं दोन महिने सांगितले. तिनं एकच मागितलं. मानेवाड्याच्या आमच्या पोर्चमध्ये मी सुटे भाग जमवून एक जुनी जीप उभी करून राहिलो होतो. तिच्यात बसून तिले एकदा खिंडसीचा तलाव पाह्याचा होता. पोरगी, नूपुर, म्हणे टॅक्सी करा न बाबा. ही म्हणे, दहा वर्षं या सांगाड्यापाशी चाय नेऊन देली, आता जाईन तर यातच.

इंजिन लागलं, बॉडी तयार झाली. अडलं ते कमानींवर, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर. कमानीच्या टोकाले भोक असते, त्यात रबराचा जाड बुश बसवा लागते. असे आठ. साबणाचं पाणी लावायचं, लांब बोल्ट घालून पान्यानं ओढायचं, ही पद्धत. पण बुश भल्ला घट्ट. अर्धा जाये अन् बेडकावानी मागं उडे. पहिल्यालेच दोन दिवस गेले.

ती डोक्याले रुमाल बांधून खुर्चीवर बसून पाहे. एका मंगळवारी भिंत धरत धरत आत गेली अन् खोबरेलाची बाटली घेऊन आली.

"अजी, हे लावा न. माह्या डोक्यावर केस कुठं राह्यले, पडूनच आहे."

मी खेकसलो. तेलानं रबर फुगते, वर्षभरात कामातून जाते, तुले काही समजते का, असं बोललो.

"वर्ष पुष्कळ झालं जी," ती म्हणाली.

मले ऐकू आलं होतं. पण आपलं काम म्हणजे पक्कं काम, हा माज होता न बाप्पा! मी साबणाच्या पाण्यात पुन्हा हात घातला. तिनं बाटली खिडकीत ठेवली अन् परत तिचं नाव काढलं नाही. पाचवा बुश बसला त्या सकाळी तिले अंथरुणातून उठता आलं नाही. दोन दिवसांनी ती गेली.

तेरवी झाली, नूपुर परत गेली. मी पोर्चमध्ये आलो. तीन बुश उरले होते अन् बाटली खिडकीतच होती. काहून घेतली, मलेही माहीत नाही. थोडं तेल बुशाले चोपडलं, बोल्ट ओढला. चार आट्यांत गुपचूप आत गेला. मी खालीच बसलो अन् मोठ्यानं रडलो.

मग उरलेले दोन बसवले. घड्याळ लावून बसवले. दोन्हीले मिळून वीस मिनिटं लागली. ती बाटली घेऊन आली तो मंगळवार होता. तेव्हाच तिचं ऐकलं असतं, तर शनिवारी आम्ही खिंडसीले असतो.